‘तू फक्त अभ्यास कर’

बारावीच्या मुलाला घरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य बहुधा हेच असावं. पैशाचं आम्ही बघतो, तू फक्त अभ्यास कर. मायेनेच म्हटलेलं असतं ते. पण ज्या घराने गेल्या दोन-चार वर्षांत कर्ज अंगावरून उतरवलं आहे, त्या घरात हे वाक्य फार महाग पडतं, आणि त्याची किंमत मुलालाच मोजावी लागते. म्हणून हे आत्ता, निकाल लागायच्या आत लिहिते आहे. कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरून झाल्यावर लिहून उपयोग नाही.

कर्जाचं पोरांना काही कळत नाही, असं आईवडिलांना वाटतं. सगळं कळतं. पतसंस्थेचा वसुलीवाला दारात आला की ‘बाबा घरी नाहीत’ हे सांगायला मुलालाच पुढे केलेलं असतं. आईच्या पाटल्या दोन दिवाळ्या दिसल्या नाहीत, हे मुलीच्या नजरेतून सुटत नाही. जामीन राहिलेल्या काकांनी येणंजाणं का तोडलं, तेही तिला ठाऊक असतं. माहीत नसतो तो फक्त आकडा. किती होतं, किती फिटलं, किती उरलं, आणि तिच्या शिक्षणासाठी घरात नेमके किती आहेत. मग सतरा वर्षांचं पोर आकड्याशिवाय, नुसत्या धास्तीवर निर्णय घेतं. एखादा हुशार मुलगा ‘मला इंजिनिअरिंगमध्ये रसच नाही’ म्हणत गावातल्या कॉलेजात नाव घालतो आणि घर त्याच्या समजूतदारपणाचं कौतुक करतं. दुसरा, घरात कोणी काही बोललंच नाही म्हणून, पुण्यातलं सगळ्यात महागडं कॉलेज यादीत पहिलं टाकतो. या दोघांचं काहीच चुकलेलं नाही. चुकलं ते हिशेब लपवणाऱ्यांचं.

एक घर डोळ्यांसमोर आणू. बार्शीसारखं गाव, भाड्याच्या गाळ्यातलं दुकान, २०२०च्या टाळेबंदीत बसलेला धंदा. आधी क्रेडिट कार्डावर दिवस काढले, मग पतसंस्थेचं कर्ज काढून कार्ड भरलं, मग पतसंस्थेचा हप्ता भरायला सोनं तारण ठेवलं. कार्डावरच्या थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षभर काहीच भरलं नाही तर लाखाचे दीड लाखाच्या वर जातात, दंड वेगळा. अशा चक्रातून जे घर चार वर्षं पोटाला चिमटा काढून बाहेर पडलं, त्या घरापुढे मी मनापासून हात जोडते. पण शेवटचा हप्ता गेला, देवापुढे पेढे ठेवले आणि फाइल माळ्यावर टाकली, इतक्यावर काम संपत नाही.

कर्ज फिटल्याचं तुम्हाला माहीत आहे, सिबिलला माहीत आहे का, ते तपासा. देशात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो काढायला कुणाही एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. अहवालात आपलं खातं ‘क्लोज्ड’ आहे की ‘सेटल्ड’, ते बघा. तडजोडीत थोडी रक्कम सोडून घेऊन मिटवलेलं खातं ‘सेटल्ड’ म्हणून नोंदलं जातं आणि पुढचा प्रत्येक बँकवाला त्यावर बोट ठेवतो. सोडलेली रक्कम छोटी असेल आणि जमत असेल, तर ती भरून खातं ‘क्लोज्ड’ करून घ्या, नो ड्यूजचा दाखला घ्या आणि त्याची झेरॉक्स मुलाच्या प्रवेशाच्या फाइलमध्येच लावा. नोंदच चुकीची असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत ती निस्तरली नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याची तरतूद २०२४ पासून लागू आहे.

घर किंवा जमीन तारण असेल तर बँकेने पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला पाच हजार रुपये. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनचा आहे आणि तो माहीत नसलेली माणसं अजून बँकेच्या चकरा मारत आहेत. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, राज्याच्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, तोंडी बोलण्यावर जाऊ नका. शेतीवर कर्ज असेल तर सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र घेऊन जाऊन तो कमी करून घ्यावा लागतो. दहा वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून सातबाऱ्यावर बसलेला असतो, आणि तो दिसतो नेमका मुलाच्या कर्जासाठी उतारा काढायची वेळ येते तेव्हा.

आता मोकळ्या झालेल्या हप्त्याचं बोलू. कर्जातून सुटलेल्या घरातला सगळ्यात नाजूक पैसा हाच. समजा महिन्याला नऊ हजारांचा हप्ता होता आणि तो संपला. इतकी वर्षं मन मारलेलं असतं, त्यामुळे त्या नऊ हजारांवर सगळ्यांचा डोळा असतो. घराला रंग काढायचा राहिला आहे, गाडी बदलायची आहे, मेव्हण्याच्या लग्नात कमी पडायला नको. मी कुणाच्या हौसेवर उठलेली नाही. पण मुलगा अकरावीत असेल तर ते नऊ हजार अजून दीड-दोन वर्षं तुमचे नाहीत. हप्ता चालूच आहे असं धरून, त्याच तारखेला, तेवढेच पैसे आवर्ती ठेवीत टाका. अकरावीच्या दिवाळीपासून बारावीनंतरच्या जूनपर्यंत वीस महिने होतात, एक लाख ऐंशी हजार रुपये जमतात, व्याज वेगळं. पहिल्या वर्षाची फी, वसतिगृहाची अनामत आणि एखादा लॅपटॉप यांचा मोठा भार एवढ्यावर निभावतो. यातलं निम्मं काढून उरलेलं एखादं स्वस्त कर्ज घाईने फेडायच्या फंदात पडू नका. कर्जाची इतकी धास्ती बसलेली असते की माणूस हातातली शेवटची शिल्लकही बँकेला देऊन मोकळा होतो, आणि पुढच्याच महिन्यात दवाखान्यासाठी पुन्हा कार्ड काढतो. तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बाजूला असल्याशिवाय मुदतीआधी फेड करू नये, या मतावर मी ठाम आहे. महागडं कर्ज, म्हणजे कार्ड किंवा सावकार, याला अपवाद.

या मोकळ्या हप्त्यावर पहिला हात टाकतो तो क्लास. दहावीचा निकाल लागला की लातूरपासून नांदेडपर्यंत आणि कोल्हापूरपासून नाशिकपर्यंत भिंती फोटोंनी भरतात. दोन वर्षांची फी एकदम भरा, सवलत मिळेल. एकदम नसतील तर ‘विनाव्याज’ हप्ते करून देतो. हे हप्ते म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वित्तकंपनीचं तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. कंपनी पैसे क्लासला देऊन मोकळी होते. मुलगा चार महिन्यांत क्लास सोडून आला तरी हप्ता थांबत नाही, आणि थांबवलात तर ज्या सिबिलसाठी चार वर्षं घासली ते पुन्हा खाली येतं. क्लासच्या फीवर अठरा टक्के जीएसटी लागतो, तो जाहिरातीतल्या आकड्यात धरलेला आहे का, ते विचारा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी. सूचनाच आहेत त्या, पण छापील कागद पुढे ठेवून बोलणाऱ्या पालकाला क्लासवाले वेगळं वागवतात. कर्जातून नुकत्याच बाहेर पडलेल्या घराने क्लासची फी तिमाहीच भरावी. सवलत गेली तर जाऊ द्या.

आणि हे सगळं मुलाला सांगा. सिबिल काय, सेटल्ड काय, क्लासचे हप्ते कुणाच्या नावावर आहेत, सगळं. यातल्या प्रत्येक गोष्टीचा संबंध पुढे त्याच्या सहीशी येणार आहे.

शैक्षणिक कर्ज विद्यार्थ्याच्या नावाने निघतं. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर पालक सही करतात आणि तो सज्ञान झाल्यावर त्याची संमती घेतली जाते. म्हणजे आयुष्यातला पहिला मोठा करार तो करणार आहे आणि तो फेडणारही आहे. सहकर्जदार म्हटलं की बँक पालकांचा सिबिल काढते. जुलैच्या गर्दीत, मुलगा शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना, बँकेतल्या माणसाच्या तोंडून वडिलांच्या थकबाकीची कथा त्याला पहिल्यांदा ऐकायला मिळते. ही वेळ कुठल्याही बापावर येऊ नये. आणि ती टाळणं बापाच्याच हातात असतं, आदल्या वर्षीच्या एखाद्या रविवारी.

पालकांचा पतइतिहास खराब आहे एवढ्याच कारणावरून मुलाचं शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही, मुलाची शिकल्यानंतरची फेडण्याची क्षमता बघितली पाहिजे, अशी भूमिका केरळ उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. २०२३ मध्येही त्याच न्यायालयाने एका विद्यार्थ्याच्या बाबतीत, कमी सिबिलवर बोट ठेवून कर्ज अडवणं चुकीचं ठरवलं. आपल्याकडच्या शाखेत हे निकाल सांगितल्याबरोबर साहेब उठून उभे राहणार नाहीत, हे खरं. तरी नकार आला तर तो लेखी मागा. लेखी नकार द्यायला बँका कचरतात, आणि दिलाच तर वरच्या कार्यालयात जायला कागद हातात येतो.

शाखेतून तोंडी परत पाठवलेल्या पालकांना आणखी काही गोष्टी माहीत असायला हव्यात. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या हमी योजनेचं पाठबळ आहे, त्यात तारण मागायचं नसतं. त्यामुळे ‘घराचे कागद आणा’ म्हटलं की लगेच कागद काढून देऊ नका. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना ठरावीक दर्जेदार संस्थांमधल्या प्रवेशासाठी आहे. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिकत असताना, व्याजात तीन टक्के सवलत मिळू शकते. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाने व्यावसायिक अभ्यासक्रम घेतला, तर शिक्षणाच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं, त्याच्या अटी बसल्या तर. आपलं कॉलेज कुठल्या यादीत आहे, हे प्रवेश घेण्याच्या आधी बघायचं.

आता एक हिशेब कागदावर मांडा, मुलाला पेन देऊन. पाच लाखांचं कर्ज, दर वर्षाच्या सुरुवातीला सव्वा लाख उचललं, व्याज दहा टक्के धरू. चार वर्षं शिक्षण आणि वर हप्ता सुरू व्हायच्या आधीचं एक वर्ष, अशा पाच वर्षांत साध्या दराने पावणेदोन लाख व्याज साचतं. हप्ता सुरू होतो पावणेसात लाखांवर. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे आठ हजार नऊशे. हेच व्याज सुरुवातीपासूनच भरत गेलात, तर पहिल्या वर्षी महिन्याला सुमारे एक हजार चाळीस, दुसऱ्या वर्षी दोन हजार ऐंशी, चौथ्या आणि हप्त्याआधीच्या पाचव्या वर्षी चार हजार एकशे सत्तरच्या आसपास पडतात. मग मुद्दल पाच लाखच राहतं आणि मुलाचा हप्ता सहा हजार सहाशेवर येतो. मग पगारातून दर महिन्याला तेवीसशे रुपये त्याच्या हातात जास्त राहतात, दहा वर्षं. मोकळ्या झालेल्या जुन्या हप्त्याचं यापेक्षा चांगलं काम मला सुचत नाही. व्याज असं वेळच्या वेळी भरलं तर काही बँका दरात आणखी सवलत देतात, मुलींना तर बऱ्याच सरकारी बँकांत अर्धा टक्का कमी पडतो. विचारल्याशिवाय मात्र कुणी सांगत नाही.

हे गणित सतरा वर्षांच्या मुलाला झेपणार नाही, असं कुणी मला सांगू नये. तो इंटिग्रेशन सोडवतो आहे.

झेपणार नाही ते पालकांना. कारण हा हिशेब मांडताना ‘मी फसलो होतो’ हे पोरासमोर बोलावं लागतं. मराठी घरात बाप हे वाक्य सहसा बोलत नाही, आई ते झाकते, आणि आजी ‘ग्रहमान वाईट होतं’ म्हणून त्यावर पडदा टाकते. मला वाटतं, एवढं एक बोलणं झालं की बाकीचं सोपं जातं. त्यासाठी मुलाच्या अंगावर सगळं दुःख ओतायची गरज नाही. कोण काय बोललं, कुणी कसा अपमान केला, हे सांगू नका, ते त्याला वाहायला लावू नका. आकडे सांगा. महिन्याला येतात किती, हमखास जातात किती, तुझ्यासाठी आज साठले किती, तुला दरमहा पाठवता येतील किती, आणि कुठल्या आकड्याच्या वर आपण जाणार नाही. तो शेवटचा आकडा फार महत्त्वाचा. तो कळलेला मुलगा उगीच घाबरत नाही आणि भलत्या ठिकाणी उडीही मारत नाही. त्याला यादी करता येते.

कारण खरा आर्थिक निर्णय होतो तो ऑप्शन फॉर्मवर. सीईटीनंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाची, फेरी जाहीर होते, हाताशी मोजके दिवस असतात, आणि गावातल्या नेटकॅफेत कुणीतरी ‘अनुभवी’ माणूस पसंतीक्रम भरून देतो. तो कटऑफ बघून कोड टाकतो. तुमच्या घरचा आकडा त्याला माहीत नसतो. पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर ती जागा घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे पहिल्या ओळीत काय लिहायचं, हा तुमच्या पुढच्या चार वर्षांच्या खर्चाचा प्रश्न आहे. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिकवणी शुल्क माफीच्या, पाच टक्के जादा जागा असतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर कुठल्याही प्रवर्गातल्या मुलाला त्यासाठी प्रयत्न करता येतो, पण त्या जागांचा कोड वेगळा असतो. फॉर्ममध्ये टाकला नाही तर गुण असूनही जागा मिळत नाही. आणि पाट्या नीट वाचा. स्वायत्त कॉलेज वेगळं, अभिमत विद्यापीठ वेगळं, स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठ वेगळं. रस्त्यावरून तिन्हींच्या कमानी सारख्याच दिसतात. राज्याच्या शुल्क सवलती कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला लागू होतात. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला किंवा खाजगी विद्यापीठाला त्या मिळत नाहीत. ‘शाखा हीच, कॅम्पस भारी’ या भरवशावर तिकडे वळलेल्या घराला हा फरक पहिल्या पावतीवर कळतो.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. त्यातून राज्यात लाखो जागा तयार झाल्या, शेतकऱ्यांची पोरं इंजिनिअर झाली, ते मी नाकारत नाही. पण तेव्हापासून फी हा घराघरातला विषय झाला, आणि सरकारचा हात उत्पन्नाच्या दाखल्यापुरता उरला.

त्या दाखल्यावर माझा मोठा राग आहे. तहसीलदाराचा दाखला उत्पन्न मोजतो, हप्ता मोजत नाही. एका घराचं उत्पन्न साडेसात लाख, अंगावर कर्ज नाही, त्यांना सवलत. शेजारच्या घराचं सव्वाआठ लाख, त्यातले तीन लाख जुन्या कर्जात जातात, त्यांना काही नाही. आजारपणात, धंद्याच्या बुडीत, मयत भावाचं कर्ज अंगावर घेऊन खचलेल्या घरांची मुलं आठ लाखांच्या या एका रेषेवर अडतात. कर्जफेडीचा पुरावा बँकेच्या उताऱ्यात छापील असतो, तो तपासणं अवघड नाही. आठ लाखांच्या रेषेच्या जरा वर असलेल्या, पण ठरावीक प्रमाणात कर्ज फेडत असलेल्या कुटुंबांसाठी वेगळा निकष सरकारने करावा, ही मागणी कुणीतरी विधिमंडळात लावून धरायला हवी.

दुसरी गोष्ट राहण्या-जेवण्याची. मुलांना मिळणारी पन्नास टक्के शुल्क सवलत ज्या योजनेतून येते, तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. गरीब घरातलं मूल शाळेच्या फीइतकंच निवाऱ्यापाशी आणि दोन वेळच्या जेवणापाशी अडतं, हे शाहू महाराजांना १९०१ साली कळलं होतं. म्हणून त्यांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे जातीजातींसाठी वसतिगृहं उभी केली. आज पुण्यात फी निम्मी झाली तरी खोली, मेस आणि बसपास मिळून वर्षाचा खर्च अनेकदा उरलेल्या फीच्या वर जातो. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, स्वाधार योजना आहे, अनेक समाजांची वसतिगृहं आहेत. त्यांचे अर्ज प्रवेशानंतर लगेच करायचे असतात, आणि त्यासाठीचे दाखले मे महिन्यातच काढून ठेवायचे असतात. गेल्या वर्षीचा दाखला यंदा चालेलच असं धरून बसू नका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे, तीही मुलाला सांगून ठेवा. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणं हाही पैसे वाचवणारा आणि मानाचाच रस्ता आहे. धाकटं भावंड दहावीत असेल तर त्याच्यासाठी तो जरूर बघा.

शेवटी मुलींचं. कर्जातून सावरणाऱ्या घरात काटकसरीचा पहिला वार मुलीवर पडतो. मुलासाठी कर्ज काढू, तिला इथेच बीएला घालू, पुढे लग्नाचाही खर्च आहे. मोठ्याने कुणी बोलत नाही, पण फॉर्म तसाच भरला जातो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. आधी ते निम्मं माफ होतं. म्हणजे त्याच कॉलेजात, त्याच शाखेत मुलीला शिकवणं आज मुलाला शिकवण्यापेक्षा स्वस्त आहे. हे माहीत नसताना मुलीला घरी बसवणारं घर पैसेही वाचवत नाही. प्रवेश कॅपमधून हवा, अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर मुदतीत हवा, बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. माफ असलेली रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये, अशी सूचना कॉलेजांना आहे. तरी ‘आधी पूर्ण भरा, सरकारकडून आली की परत देऊ’ असं खिडकीवर सांगितलं जातं, आणि नुकतंच कर्ज फेडून बसलेला बाप त्या एका वाक्याने पुन्हा सोनं घेऊन पतसंस्थेत जातो. जाऊ नका. मागणी लेखी द्यायला सांगा, पावतीवर कुठल्या शुल्काचं नाव लिहिलं आहे ते बघा, आणि तंत्रशिक्षण संचालनालयाच्या आपल्या विभागातल्या कार्यालयात त्याच आठवड्यात अर्ज द्या. मुलीला सोबत न्या, अर्ज तिलाच लिहू द्या.